पक्षी तेच, याद्या चार

जून २०२५ मध्ये जगातल्या सगळ्या पक्ष्यांची एक नवी यादी जाहीर झाली. तिचे नाव 'एव्हीलिस्ट'. ११ हजार १३१ प्रजाती, २५२ कुळे आणि ४६ गण, अशी तिची बेरीज. पक्ष्यांची यादी निघाली, यात बातमी ती काय, असे कुणालाही वाटेल. पण तोपर्यंत जगात अशी एकच यादी नव्हती, चार होत्या. 'हॉवर्ड अँड मूर' ही एक. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेकडची 'क्लेमेंट्स' ही दुसरी. आंतरराष्ट्रीय पक्षीशास्त्र परिषदेच्या नावाने ओळखली जाणारी 'आयओसी' ही तिसरी आणि 'बर्डलाइफ इंटरनॅशनल'ची चौथी. आकाशात उडणारे पक्षी तेच, पण एका यादीत जी स्वतंत्र प्रजाती, ती दुसरीत कुणाची तरी उपप्रजाती. वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा साइट्स करार एका यादीवर चालत होता आणि कोणता जीव किती धोक्यात आहे हे सांगणारी आययूसीएनची रेड लिस्ट दुसरीवर. एकाच पक्ष्याबद्दल दोन दप्तरांत दोन नोंदी असणे म्हणजे काय, हे सातबारा काढायला गेलेल्या कुणालाही समजावून सांगावे लागणार नाही.

चार याद्यांची एक यादी झाली, हे चांगलेच झाले. मात्र यादी एक झाली म्हणजे वादही मिटला, असे नाही. कारण वाद याद्यांचा नव्हताच. 'प्रजाती' म्हणजे नेमके काय, हा तो वाद आहे आणि तो अडीचशे वर्षे जुना आहे. तो समजून घेण्यासाठी दूर जाण्याचीही गरज नाही. दर हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या आमराईत, वडा-पिंपळावर, शहरातल्या बागेतसुद्धा उतरणारा एक चिमुकला पाहुणा या वादाच्या अगदी मध्यभागी बसलेला आहे.

त्याचे नाव हिरवट पर्णवटवट्या, इंग्रजीत ग्रीनिश वॉर्बलर. आकाराने चिमणीपेक्षा लहान, वजन दहा ग्रॅमही नाही. वरून मातकट हिरवा, खालून मळकट पांढरा, डोळ्यावर फिकट भुवई आणि पंखावर एक बारीक पांढरी रेघ. वर्णन वाचून तो ओळखता येईल, असे समजायचे कारण नाही. पर्णवटवट्यांच्या कुळातले निम्मे पक्षी याच वर्णनात बसतात आणि अनुभवी पक्षीनिरीक्षकही दुर्बीण खाली ठेवून मान हलवतात. ज्या फायलोस्कोपस गटात तो मोडतो, त्या नावाचा ग्रीक अर्थ 'पाने न्याहाळणारा'. ते मात्र अगदी खरे. दिवसभर पानामागून पान तपासत तो किडे टिपत असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, एप्रिलपर्यंत राहतो. दिसतो कमी, ऐकू येतो जास्त. 'चिस्-वी' असा दोन अक्षरी तीक्ष्ण आवाज दर काही मिनिटांनी पानांतून येतो. विणीचा हंगाम नसतानाही हा एवढा आवाज का करतो, तर हिवाळ्यातही प्रत्येकाचा झाडांचा एक तुकडा ठरलेला असतो आणि त्याची राखण तो आवाजानेच करतो.

गंमत अशी की, विज्ञानाने या पक्ष्याला नाव दिले ते त्याच्या घरी जाऊन नव्हे, तर हिवाळी मुक्कामाला असताना. १८३७ मध्ये स्वीडनचे कार्ल सुंडेव्हाल यांनी त्याचे वर्णन केले, ते कलकत्त्यात मिळालेल्या नमुन्यावरून. १८४३ मध्ये कलकत्त्यातल्याच एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे व्यवस्थापक एडवर्ड ब्लाइथ यांनी अशाच आणखी दोन पक्ष्यांना नावे दिली, 'व्हिरिडॅनस' आणि 'निटिडस'. हे पक्षी उन्हाळ्यात कुठे जातात, घरटे कुठे बांधतात, गातात कसे, यातले काही हाताशी नसताना. समोर होती ती पेंढा भरलेली कातडी, पट्टी आणि रंगाची पारख. तेव्हाच्या निसर्ग अभ्यासकांचे काम असेच चाले. पक्षी मारायचा, कातडी जपायची, पंख-शेपटी-चोच मोजायची आणि आधीच्या नमुन्यांपेक्षा वेगळा वाटला तर नाव द्यायचे. वेगळा किती वाटला तर वेगळा, हा प्रश्न त्या-त्या माणसाच्या नजरेवर सोडलेला होता.

ही नजर अपुरी आहे, हे मात्र ब्लाइथच्याही आधी पाऊण शतक एका धर्मोपदेशकाने दाखवून दिले होते. इंग्लंडमधल्या सेलबॉर्न गावचे गिल्बर्ट व्हाइट. त्यांच्या काळात इंग्लंडमध्ये पर्णवटवट्या एकच समजला जाई, कारण दिसायला सगळे सारखेच. व्हाइट यांनी कान लावला. एक पक्षी उतरत्या सुरात गातो, दुसरा दोनच स्वर आलटून पालटून म्हणत राहतो, तिसरा उंच झाडावर बसून थरथरता आवाज काढतो. १७६८ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे तीन वेगळे पक्षी असल्याचे सांगितले. ते तीन आजही वेगळेच मानले जातात. पक्ष्यांसाठी वेगळेपण डोळ्यात नसून कानात असू शकते, ही गोष्ट त्या पत्रापासून पक्षीशास्त्रात आली. ती अजून गेलेली नाही.

तिबेटभोवतीचे कडे

आता आपल्या पाहुण्याकडे वळू. त्याचे घर एका ठिकाणी नाही. बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यापासून रशियातून थेट सैबेरियाच्या मध्यापर्यंत त्याची वीण होते. तशीच ती मध्य आशियातल्या तिएन शान पर्वतात, काश्मीरच्या बाजूला, पुढे हिमालयाच्या रांगेत, चीनमधल्या सिचुआन-गान्सूकडे आणि तिथून मंगोलियावरून पुन्हा पूर्व सैबेरियात होते. नकाशावर बोट फिरवले तर लक्षात येते, की हे एक कडे आहे. मध्ये तिबेटचे उजाड पठार आणि वाळवंटे, जिथे झाडे नाहीत म्हणून हा पक्षीही नाही, आणि त्याभोवती जंगलांचे वर्तुळ.

इंग्लंडचे क्लॉड टाइसहर्स्ट यांनी १९३८ मध्ये या संपूर्ण गटाचा आढावा घेतला. सिंधच्या पक्ष्यांवर आधीच मोठे काम केलेला हा माणूस. त्यांना दिसले ते असे : हिमालयातला पक्षी आणि त्याच्या पश्चिमेचा शेजारी यांत थोडा फरक आहे, त्या शेजाऱ्यात आणि त्याच्या पलीकडच्यात आणखी थोडा. असे करत पश्चिमेकडून सैबेरियात पोहोचलेला पक्षी आणि पूर्वेकडून वळसा घालून तिथेच पोहोचलेला पक्षी येनिसे नदीच्या परिसरात एकमेकांसमोर येतात, तेव्हा मात्र ते दोन वेगळ्या प्रजातींसारखे वागतात. पश्चिमेकडच्याच्या पंखावर एक रेघ, पूर्वेकडच्याच्या दोन. एकाची हाक दोन अक्षरी, दुसऱ्याची तीन. एकाच जंगलात राहतात, पण जोड्या जमवत नाहीत. मूळ पक्षी दक्षिणेत होता, तो पठाराच्या दोन्ही बाजूंनी उत्तरेकडे पसरला आणि वळसा पूर्ण होईपर्यंत दोन टोके एकमेकांना परकी झाली, असा टाइसहर्स्ट यांचा तर्क होता.

बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपल्याकडे म्हणतात. सावंतवाडीहून गावोगाव मुक्काम करत नागपूरकडे निघालेल्या माणसाला मालवणी कुठे संपली आणि वऱ्हाडी कुठे सुरू झाली, हे एका वेशीवर उभे राहून सांगता येणार नाही. प्रत्येक गाव शेजारच्या गावाशी बिनदिक्कत बोलते. आता कल्पना करा, की हा रस्ता सरळ नाही, गोल आहे आणि त्याची दोन टोके एकाच गावात येऊन मिळतात. एका आळीत मालवणी, दुसऱ्या आळीत वऱ्हाडी, मधले सगळे दुवे मात्र दूर वळणावर. फरक इतकाच, की माणसे एकमेकांची बोली शिकतील आणि सोयरीकही जमवतील. पक्ष्यांत मात्र गाणे ओळखीचे वाटले नाही, की सोयरीकच होत नाही.

या कड्याला जगभर प्रसिद्धी मिळाली ती अर्न्स्ट मायर यांच्यामुळे. १९४२ च्या त्यांच्या ग्रंथात त्यांनी प्रजातीची जी व्याख्या पक्की केली, तीच आजही शाळेत शिकवतात : जे आपसांत प्रजनन करतात आणि इतरांशी करत नाहीत, ते एका प्रजातीचे. सुटसुटीत व्याख्या. पर्णवटवट्याने तिची पंचाईत केली. शेजारी-शेजारी पाहत गेले तर सगळे आपसांत प्रजनन करतात, म्हणून प्रजाती एक. टोके पाहिली तर करत नाहीत, म्हणून प्रजाती दोन. दोन्ही उत्तरे त्याच व्याख्येतून येतात. हा व्याख्येचा दोष आहे, असे म्हणून काही जण मोकळे होतात. पण उत्क्रांती खरोखरच हळूहळू घडत असेल, तर कुठेतरी अर्ध्या वाटेवरचे पक्षी सापडायलाच हवेत. ते सापडले, ही उलट डार्विनच्या बाजूची साक्ष आहे.

तर्काला पुरावा मिळायला मात्र पुढची साठ वर्षे गेली. डॅरेन अर्विन, स्टाफन बेन्श आणि ट्रेव्हर प्राइस या तिघांचा शोधनिबंध २००१ मध्ये 'नेचर'मध्ये आला. अर्विन यांनी कड्याभोवतीच्या जंगलांत जाऊन गाणी ध्वनिमुद्रित केली, रक्ताचे नमुने घेतले आणि एका ठिकाणचे गाणे दुसऱ्या ठिकाणच्या नरांना ऐकवले. आपल्या हद्दीत दुसरा नर गातो आहे असे वाटले, की नर चवताळून येतो. सैबेरियात पश्चिमेच्या नराला पूर्वेचे गाणे ऐकवले, तर तो ढिम्म. त्याच्या लेखी ते दुसऱ्याच कुठल्या पक्ष्याचे गाणे होते. दक्षिणेतली गाणी आखूड आणि साधी, उत्तरेकडे जाताना दोन्ही बाजूंना ती लांब आणि गुंतागुंतीची होत जातात, पण गुंतागुंतीची तऱ्हा दोन्हीकडे निराळी. दोन्ही बाजूंच्या माद्यांना लांब गाणे आवडू लागले असावे, पण कोणते लांब गाणे, यावर दोन्हीकडचे एकमत झाले नाही. २००५ मध्ये 'सायन्स'मधल्या निबंधात जनुकीय फरकही असाच कड्याभोवती टप्प्याटप्प्याने वाढत जातो, असे दिसले. पाठ्यपुस्तकात घालण्याजोगे चित्र पूर्ण झाले.

आणि २०१४ मध्ये ते थोडे विस्कटले. मिगेल अल्काइदे, प्राइस, अर्विन आणि सहकाऱ्यांनी जनुकसंचातली हजारो ठिकाणे तपासली तेव्हा कडे वाटले तितके अखंड निघाले नाही. भूतकाळात त्यात खंड पडले होते, काही समूह बराच काळ एकमेकांपासून तुटलेले राहिले आणि नंतर पुन्हा भेटले. उलट सैबेरियात, जिथे टोके पूर्ण परकी असल्याचे मानले जात होते, तिथे जनुकांची थोडी देवाणघेवाण झाल्याचे दिसले. म्हणजे जिथे अखंडता अपेक्षित होती तिथे भेगा आणि जिथे भेग अपेक्षित होती तिथे थोडी गळती. यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की चित्र विस्कटणाऱ्यांत ते काढणारेच होते.

मग हा पक्षी एक की दोन की तीन? गेल्या काही दशकांत वेगवेगळ्या याद्यांनी वेगवेगळी उत्तरे दिली. पूर्व सैबेरियातला दोन रेघांचा पक्षी कुणी स्वतंत्र मानला, कुणी उपप्रजाती. कॉकेशस पर्वतात वीण करणारा ब्लाइथचा 'निटिडस', म्हणजे आताचा ग्रीन वॉर्बलर, दीर्घकाळ हिरवट पर्णवटवट्याचीच एक उपप्रजाती होता, मग तो वेगळा झाला. मराठीत तर घोळ शब्दापासूनच आहे. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत 'स्पीशीज' म्हणजे जाती आणि 'प्रजाती' ही तिच्या वरची पायरी. वर्तमानपत्रांनी मात्र स्पीशीजला 'प्रजाती' करून टाकले आणि आता तेच रूढ झाले आहे. या लेखातही तेच वापरले आहे.

सात गुणांची परीक्षा

अशा स्थितीत निर्णय घ्यायचा कसा? प्रत्येक यादीची रीत वेगळी होती. बर्डलाइफने २०१० मध्ये सुचवलेली गुणपद्धत स्वीकारली. दोन समूहांत ठळक फरक असेल तर तीन गुण, अगदी विलक्षण असेल तर चार, मध्यम दोन, किरकोळ एक. आकार, रंग, आवाज, अधिवास या सगळ्यांचे मिळून सात गुण झाले, की पक्षी प्रजाती म्हणून उत्तीर्ण. साडेसहावर काही नाही. हास्यास्पद वाटेल, पण निदान पेपर कसा तपासला हे बाहेरच्याला कळते. इतर याद्यांच्या संपादकांचा भर प्रकाशित संशोधनावर आणि समितीच्या मतावर. आणि काटेकोर वंशावळ हाच निकष लावला तर काय होईल, याचा हिशेब अमेरिकेतल्या संग्रहालयांतल्या अभ्यासकांनी २०१६ मध्ये मांडला होता. तेव्हा पक्ष्यांच्या प्रजाती सुमारे १८ हजार भरल्या. म्हणजे व्याख्या बदलली, की जगात सात हजार प्रजाती वाढतात. एकही नवा पक्षी न जन्मता.

या कामाला कारकुनी म्हणून हिणवणाऱ्यांसाठी दोन उदाहरणे पुरेत. दोन्ही गाणाऱ्या पक्ष्यांची, पण दिशा उलट.

पहिले अरुणाचल प्रदेशातले. २००९ मध्ये स्वीडनचे पेर अल्स्ट्रॉम आणि भारतीय पक्षी अभ्यासक शशांक दळवी पश्चिम अरुणाचलात हिंडत असताना एका कस्तुर पक्ष्याच्या गाण्याने त्यांना थबकायला लावले. पुस्तकानुसार पक्षी एकच. पण झाडांच्या सीमेवरच्या खडकाळ उतारांवर तो कर्कश खरवडल्यासारखा गात होता, तर खालच्या सूचिपर्णी जंगलात सुरेल. पुढची काही वर्षे संग्रहालयांतले जुने नमुने मोजण्यात, गाणी ताडून पाहण्यात आणि डीएनए तपासण्यात गेली. जानेवारी २०१६ मध्ये निष्कर्ष आला : हे दोन पक्षी लाखो वर्षांपूर्वीच वेगळे झालेले आहेत आणि जंगलातल्या पक्ष्याला तर शास्त्रीय नावच नाही. त्याला नाव मिळाले 'झूथेरा सलीमअलीआय', मुंबईत आयुष्य घालवलेल्या डॉ. सलीम अलींवरून. हा पक्षी दीडशे वर्षांच्या नमुन्यांत, कपाटांत पडून होता. पुन्हा एकदा व्हाइट यांचाच धडा : डोळ्याला एक, कानाला दोन.

दुसरे उदाहरण उत्तर ध्रुवाभोवतीच्या रेडपोलचे. कपाळावर लाल टिकली असलेला हा छोटा दाणे खाणारा पक्षी. कुणी पांढुरका, कुणी तपकिरी, म्हणून तीन प्रजाती मानल्या जात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की जनुकसंचात सगळीकडे सरमिसळ आहे आणि रंग-चोचीतला फरक मुख्यतः एका गुणसूत्राच्या एका उलट्या फिरलेल्या तुकड्यात साठलेला आहे. २०२४ मध्ये अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटीने तिघांची एक प्रजाती केली. आयुष्यभर पाहिलेल्या पक्ष्यांची यादी जपणाऱ्या हजारो हौशी लोकांच्या वहीतून एका रात्रीत एक-दोन नावे कमी झाली. त्यांची हळहळ समजण्यासारखी आहे.

संग्रहालयातली एक चिठ्ठीसुद्धा किती लांबवर परिणाम करते, याचा अनुभव खुद्द महाराष्ट्राने घेतला आहे. रानपिंगळा हे छोटे घुबड १८८४ नंतर कुणाला मिळाले नव्हते. अपवाद एकच, रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेतल्या मांडवीला मिळवल्याचे सांगितलेला नमुना. पामेला रासमुसेन या अमेरिकी अभ्यासिकेने तपास केला तेव्हा कळले, की तो नमुना जुनाच, संग्रहालयातून चोरलेला आणि नवी खोटी चिठ्ठी लावलेला आहे. खोटी नोंद बाजूला केल्यावर शोध खऱ्या नोंदींच्या जागांकडे वळला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा दिसला. ११३ वर्षांनी. याच माइनर्ट्झहागनने रेडपोलच्या नमुन्यांतही हीच लबाडी केल्याचे १९९३ मध्ये उघड झाले होते. रासमुसेन यांचे नाव आता एव्हीलिस्टच्या कामाशी जोडलेले आहे.

नावाला मोल आहे

हे सगळे अभ्यासकांच्या खोलीतच राहिले असते, तर वर्तमानपत्रात लिहिण्याची गरज नव्हती. पण संवर्धनाची सगळी यंत्रणा नावावर चालते. रेड लिस्टचे मूल्यमापन मुख्यतः प्रजातीचे होते. कायद्याची परिशिष्टे नावांची असतात. पैसा, पथके, अभयारण्याचे प्रस्ताव सगळे नावामागे जातात. एखादा समूह स्वतंत्र प्रजाती ठरला, की त्याचा प्रदेश लहान आणि संख्या कमी दिसते आणि धोक्याची घंटा लवकर वाजते. तोच समूह मोठ्या प्रजातीत जमा केला, की त्याची घट मोठ्या बेरजेत विरघळून जाते.

ग्रीन वॉर्बलरचे उदाहरण घ्या. तो वीण करतो कॉकेशस आणि त्याच्या आसपासच्या डोंगरांत, उत्तर इराण-तुर्कस्तानच्या बाजूला. हिवाळा काढतो मुख्यतः पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात आणि श्रीलंकेत. दोन्ही टोके आटोपशीर. घाटातल्या जंगलांवर किंवा तिथल्या पावसावर संकट आले, तर त्याचा फटका या पक्ष्याच्या फार मोठ्या हिश्श्याला बसेल. मधुसूदन कट्टी आणि ट्रेव्हर प्राइस यांनी १९९० च्या दशकात तमिळनाडूतल्या मुंडनतुराईच्या जंगलात या पाहुण्यांचा हिवाळा अभ्यासला, तो पाऊस, किडे आणि पक्षी यांचे नाते उलगडण्यासाठीच. उत्तरेकडच्या पक्ष्याचे भवितव्य दक्षिणेकडच्या हिवाळ्यात ठरू शकते, हा त्या अभ्यासामागचा मुद्दा. पण जोवर हा पक्षी बाल्टिकपासून हिमालयापर्यंत पसरलेल्या हिरवट पर्णवटवट्याची उपप्रजाती होता, तोवर त्याला काही झाले असते तरी बेरजेत ते दिसले नसते.

भारतात या बेरजेचे महत्त्व आता वाढले आहे. २०२३ च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात ९४२ प्रजातींचे मूल्यमापन झाले, ते सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांनी ई-बर्डवर नोंदवलेल्या ३ कोटी नोंदींच्या आधारे. दीर्घकालीन कल सांगता आला त्या ३३८ प्रजातींपैकी ६० टक्के घटल्या होत्या. १७८ प्रजाती अग्रक्रमाने लक्ष देण्याच्या ठरल्या. दूरवरून स्थलांतर करणारे पक्षी अधिक अडचणीत असल्याचेही त्यात दिसले. इतकी मोठी लोकसहभागाची नोंदवही देशात दुसरी क्वचितच असेल. पण ती भरताना प्रत्येक नोंदीसमोर एक नाव लिहावे लागते आणि नावे कोणती उपलब्ध आहेत, हे यादी ठरवते.

म्हणूनच एव्हीलिस्टबद्दलचा वाद हा केवळ विद्वानांचा रुसवा नाही. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाचे स्टीफन गार्नेट आणि लेस क्रिस्टिडिस यांनी 'नेचर'मध्ये लिहिले, की वर्गीकरणात अराजक आहे, कुणीही उठतो आणि प्रजाती फोडतो, त्याने संवर्धनाचे नुकसान होते, तेव्हा यावर जागतिक नियंत्रण हवे. पुढच्याच वर्षी पावणेदोनशेहून अधिक वर्गीकरणतज्ज्ञांनी एकत्र सही करून उत्तर दिले : प्रजाती हा वैज्ञानिक दावा आहे, तो समितीच्या परवानगीने करायचा नसतो. सोयीसाठी विज्ञान वाकवू नका. क्रिस्टिडिस पुढे पक्ष्यांच्या एकत्रित यादीच्या कामातही सहभागी झाले.

दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे, असे म्हणून सुटका करून घेता येईल, पण ते खरे नाही. गार्नेट-क्रिस्टिडिस यांनी दाखवलेला त्रास खरा, त्यांचा उपाय मात्र अतिरेकी होता. एव्हीलिस्टने घेतलेली वाट त्यापेक्षा शहाणपणाची आहे. तिने संशोधकाचा तोंड बंद करण्याचा अधिकार मागितलेला नाही. संशोधन प्रसिद्ध होत राहील, मतभेद राहतील. यादी दरवर्षी सुधारली जाईल, ती सर्वांना विनामूल्य खुली आहे आणि क्लेमेंट्स, आयओसी, बर्डलाइफ यांनी तिच्याशी जुळवून घेण्याचे ठरवले आहे. धोका आहे तो वेगळाच. चार याद्या होत्या तेव्हा त्यांतली तफावतच सांगत असे, की इथे काहीतरी अनिर्णित आहे. जिथे चारही सहमत तिथे जमीन घट्ट, जिथे नाहीत तिथे अजून काम बाकी. एकाच यादीत ही खूण पुसली जाते. येनिसेकाठचा पक्षी आणि आपला कावळा दोन्ही सारख्याच ठाम अक्षरांत छापले जातात. वापरणाऱ्या सरकारी खात्याला त्यातला कोणता निर्णय शंभर टक्के खात्रीचा आणि कोणता मताधिक्याचा, हे कळायला हवे. त्यासाठी प्रत्येक वादग्रस्त नोंदीशेजारी शंकेची खूण ठेवणे यादीकारांना अवघड नाही.

तोवर जमिनीवरचा प्रश्न उरतोच. पश्चिम घाटात हिवाळ्यात ग्रीन आणि ग्रीनिश दोन्ही वॉर्बलर असू शकतात. ताजी पिसे असताना ग्रीन जास्त हिरवा आणि पोटाकडे पिवळसर दिसतो, पण हिवाळा सरता सरता पिसे झिजतात आणि पिवळेपणा उडून जातो. मग उरतो तो आवाज आणि त्यातला फरकही निसटता. त्यामुळे प्रामाणिक निरीक्षक ई-बर्डवर 'ग्रीन किंवा ग्रीनिश' असा संयुक्त पर्याय निवडतात, जो तिथे दिलेलाच आहे. ते योग्यच, मात्र अशी नोंद दोघांपैकी कुणाच्याच हिशेबात धरता येत नाही. मोबाइलवर केलेले दहा सेकंदांचे ध्वनिमुद्रण नोंदीला जोडले, तर तीच नोंद पुढे कधीही तपासता येते, यादीत त्या पक्ष्याचे नाव बदलले तरी. कोकणातल्या आणि घाटातल्या आमरायांत हे पक्षी ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत बोलत असतात.